कैची वाकली, वेल्डिंग उकललं, आता काय करायचं?

मे महिना आला की छपराबद्दल विचारणारी तुमची पत्रं येतातच, यंदा कैच्यांबद्दल, म्हणजे छपराचं ओझं पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांबद्दल, जरा जास्तच आलीत. त्यातली तीन घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तिथे कौलं अजून चढायची आहेत, म्हणजे चूक दुरुस्त करायला अजून वेळ आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. दापोली तालुक्यात आमचं गावचं घर बांधायला काढलंय. जांभ्या चिऱ्याच्या भिंती आहेत, स्लॅब नाही घातला, वर लोखंडी चौकोनी पाइपच्या कैच्या आणि मंगलोरी कौलं असं ठरलंय. घराची रुंदी २४ फूट, कैच्या सात, आठ-आठ फुटांवर. फॅब्रिकेटरने त्याच्या शेडमध्ये बनवून ट्रकने आणल्या आणि उतरवताना दोर सुटून दोन कैच्या चिऱ्यांच्या ढिगावर आपटल्या. एकीचा वरचा पाइप बाजूला वाकलाय आणि दोन तिरप्या पाइपांचं वेल्डिंग उकललंय, दुसरी वरवर बघता ठीक दिसते. ठेकेदार म्हणतो घणाने सरळ करतो, वेल्डिंगचा अजून एक हात मारतो, वर कौलं बसली की कोणाला दिसणार आहे. मिरग पंधरा दिवसांवर आलाय. भाऊ म्हणतो चालतंय, मला मात्र झोप नाही. काय करू?

उत्तर : तुमची झोप उडाली ते बरोबरच झालं, दादा. आज पहिलं काम म्हणजे त्या दोन्ही कैच्यांवर खडूने मोठी फुली मारा आणि ठेकेदाराला सांगा की मी म्हणेपर्यंत या वर जाणार नाहीत. चांगली दिसतेय तिच्यावरसुद्धा फुली मारा. बाकीच्या पाच बाजूला ठेवा, त्यांचं बघू पुढे.

आता कोणाला दिसणार या वाक्याबद्दल. कौलांना दिसतं हो. हिशोब करून बघा, २४ फूट रुंदी आणि आठ फुटांचं अंतर म्हणजे एका कैचीच्या वाट्याला साधारण १८ चौरस मीटर येतं, उतार धरला की २० च्या वर जातं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलं लागतात, म्हणजे एका कैचीवर तीनशे कौलं. एक कौल अडीच किलोचं धरलं तरी पाऊण टन झालं, आणि ते कोरड्या कौलांचं, त्यात वासे-रिपा आल्या, पावसात कौल पाणी पितं ते आलं, वळचण तर अजून मोजलीच नाही. एवढं ओझं ती कैची रात्रंदिवस धरून बसणार आहे आणि खाली तुमची माणसं झोपणार आहेत.

वाकलेला पाइप एवढा का मनावर घ्यायचा ते सांगते, तुमच्या घरात खराटा असेलच, त्यातली एक हिराची काडी काढा. दोन्ही टोकं धरून ओढा, तुटत नाही. आता तीच काडी दोन बोटांमध्ये उभी धरून टोकाकडून दाबा, जरा वेळ सरळ राहते आणि मग एकदम बाजूला फाकते. आता मधोमध आधीच थोडी वाकलेली काडी घ्या आणि तशीच दाबा, ती मुळी थांबतच नाही, हात लावल्याबरोबर फाकायला लागते. कौलांच्या वजनाने कैचीचा खालचा आडवा पाइप ओढला जातो आणि वरचे दोन उतरते पाइप दाबले जातात, तिरप्यांमधले काही ओढले जातात काही दाबले जातात. तुमचा वाकलाय तो वरचा, म्हणजे दाबाखालचा, आणि दाबाखालच्या पाइपची निम्मी ताकद त्याच्या सरळपणात असते. नेमका तोच गेलाय.

किती वाकलाय हे डोळ्याने ठरवू नका. नायलॉनची बारीक दोरी घ्या, एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत पाइपच्या कडेला ताणून धरा आणि मधे किती फट पडते ते स्टीलच्या पट्टीने मोजा, बाजूने एकदा आणि वरून एकदा. लोखंडी बांधकामात साधारण लांबीच्या हजाराव्या भागापर्यंतचा वाक धरूनच हिशोब केलेला असतो, म्हणजे दोन सांध्यांत चार फूट असतील, १२०० मिलिमीटर, तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तुमच्याकडे आपटून वाकलेला पाइप आहे, तिथे पट्टी बोटभर फट दाखवेल असा माझा अंदाज. पाइपवरचा रेड ऑक्साइडचा लाल रंगही जवळून बघा, जिथे तो केसासारख्या रेघा पडून पोपडे धरतो तिथे खालचं लोखंड ताणलं गेलंय असं समजायचं, हे मी कितीतरी साइटवर बघितलंय आणि नव्या पोरांना पहिल्यांदा हेच दाखवते.

घणाने सरळ करायचं म्हणजे काय होणार, पाइप आतून पोकळ, पत्रा दोन-अडीच मिलिमीटरचा, घण बसला की वाक जाईल न जाईल पण तिथे खळगा नक्की पडेल. खळगा पडलेला पाइप दाबाखाली नेमका त्याच जागी चिमटतो. गॅसने लाल करून वाकवायचा हा दुसरा लाडका उपाय, तोही नको, लाल झालेलं लोखंड तेवढ्या वेळापुरतं निम्म्याहून जास्त ताकद घालवून बसतं आणि मग त्यावर कोणीतरी घाईत बादलीभर पाणी ओततं, की आणखी बिघाड. जाड अँगलवर तापमान सांभाळून हे काम करणारे जाणकार असतात, पण पातळ पाइपवर आणि गावच्या साइटवर नाही.

वेल्डिंग उकललंय त्यावर नुसता एक हात मारणं म्हणजे फाटलेल्या पिशवीला वरून चिकटपट्टी. भेग आत तशीच राहते आणि हळूहळू नव्या वेल्डिंगमध्ये चढते. आधी ग्राइंडरने ते जुनं वेल्डिंग भेग संपेपर्यंत उकरून काढायचं, वायर ब्रशने घासायचं आणि मग नव्याने भरायचं. भेग कुठे संपते हे कळत नसेल तर तीन स्प्रेचा किट मिळतो, एक साफ करायचा, एक लाल, एक पांढरा, पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की भेग तिथपर्यंत आहे. मोठ्या गावातल्या वेल्डिंग सामानाच्या दुकानात सांगितलं तर मागवून देतात. आणि कैची उलटी करून मागची बाजू पण बघा, आपटलेल्या बाजूचं सगळे बघतात आणि मागचं राहून जातं.

मग करायचं काय, तर माझ्या मते वाकलेली कैची नवीनच करून घ्या. सातातली एक आहे. एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचा पाइप कापून तिथे नवा बसवता येतो, होतात अशा दुरुस्त्या, पण इथे वरचा पाइपही गेलाय आणि दोन तिरपेही, म्हणजे दुरुस्तीच निम्म्या कैचीची आहे आणि जोड कुठे घ्यायचा, आत स्लीव्ह (जोडाच्या आत सरकवायचा पाइपचा तुकडा) किती लांब घालायची हे सगळं काढून द्यावं लागणार. ज्या इंजिनिअरने ड्रॉइंग दिलं त्याने ते कागदावर काढून सही करून दिलं तर दुरुस्ती करा, नाहीतर नवी. ड्रॉइंगच नाही असं असेल, गावाकडे बहुतेक नसतंच, फॅब्रिकेटर म्हणतो माझी नेहमीची साइझ आहे, तर या निमित्ताने एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि सगळ्याच कैच्या दाखवा, त्याची फी कौलांच्या खर्चापुढे काहीच नाही. नवा पाइप घेताना त्यावर आयएस ४९२३ चा, म्हणजे पोकळ पाइपच्या भारतीय मानकाचा शिक्का बघा आणि जाडी व्हर्नियरने तुमच्यासमोर मोजून घ्या, बाहेरचं माप तेच ठेवून आत पातळ असलेला पाइप बाजारात सर्रास मिळतो.

दुसरी कैची, जी ठीक दिसतेय तिची परीक्षा सोपी आहे. सपाट जागेवर चांगली कैची आडवी ठेवा आणि ही तिच्यावर ठेवा. शेंडा शेंड्यावर, बेस प्लेट (भिंतीवर टेकणारी पायाची पट्टी) बेस प्लेटवर आणि प्रत्येक सांधा सांध्यावर यायला पाहिजे, आणि चारी बाजूंनी टेकली पाहिजे, एक कोपरा उचललेला राहिला तर तिला पीळ बसलाय. सगळं जुळलं, दोरीला वाक नाही, वेल्डिंगला भेग नाही, तरच फुली पुसा.

खालचा पाइप ओढलाच जातो ना मग तो थोडा वाकला तर काय बिघडलं, असं कोणी म्हणालं तर त्याला ३ जून २०२० आठवून द्या. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत आलं तेव्हा तुमच्या दापोली-मंडणगडात काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला पंचावन्न-साठ किलोच्या घरात जातो आणि छपरावर तो बहुतेक ठिकाणी वर ओढतो. पत्रा असतो चौरस मीटरला चार-पाच किलोचा, म्हणून पत्र्याची छपरं कैचीसकट उचलली गेली. असं वर ओढलं जातं तेव्हा सगळा खेळ उलटा होतो, खालचा पाइप जो जन्मभर ओढला जात होता तो दाबला जातो आणि हिराच्या काडीसारखा फाकतो. वादळानंतर मी त्या भागात घरं बघत फिरले होते, एका ठिकाणी बेस प्लेटचे बोल्ट जागच्या जागी होते, भिंत शाबूत होती आणि मधली कैची खालून धनुष्यासारखी वाकून बाहेर आलेली. मालक म्हणाले बसवतानाच जरा वाकडी होती. तुमचं छप्पर कौलांचं आहे, जड आहे, त्यामुळे तुम्हाला ही भीती कमी, पण उद्या कोणी कौलं काढून पत्रे घालू म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

पाच कैच्या तोवर चढवायला हरकत नाही, फक्त पहिली उभी केली की दोन्ही बाजूंनी दोराने ताणून बांधा आणि दुसरी पहिलीला आडव्या पाइपने लगेच जोडा, पर्लिन, म्हणजे कैच्यांवरचे आडवे पाइप, नंतर मारू म्हणून नुसत्या उभ्या करून जेवायला जाऊ नका. एक पडली की पत्त्यांसारख्या सगळ्या पडतात, आणि खाली माणूस असतो. उचलताना दोर सांध्यांजवळ दोन ठिकाणी बांधायचा, पाइपच्या मधोमध कधीच नाही, आणि सोबत एक मजबूत बांबू आडवा बांधला की कैची हवेत लपलपत नाही. हे आधी केलं असतं तर तुमची कैची आपटली नसती, पण असो.

मिरगाचं म्हणाल तर पाऊस आला तर येऊ दे. भिंतींच्या माथ्यावर जाड प्लास्टिक टाकून वर चिरे ठेवा म्हणजे चिऱ्याच्या सांध्यात पाणी मुरणार नाही, आतलं सामान ताडपत्रीखाली घ्या. आठ दिवस उशिराचं नुकसान भरून निघतं. पैशाचं भांडण मात्र आज तोंडी करू नका, दोन्ही कैच्यांचे फोटो, पट्टी लावून मोजलेले आकडे आणि तारीख असं सगळं ठेकेदाराला आणि फॅब्रिकेटरला दोघांना व्हॉट्सअॅपवर पाठवा, उतरवणी कोणाकडे होती ते करारात किंवा बिलात बघा आणि तोपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा. भावाला हिराच्या काडीचा प्रयोग करून दाखवा, तो ऐकेल.

प्रश्न : मी साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक. मुलाचं घर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात बांधून होतंय, बिल्डरचंच आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने घर दाखवलं, भिंतींना आतून अजून ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) लागायची आहे. वर लाकडाच्या कैच्या आहेत, एकीची खालची पट्टी चिरलेली दिसली आणि एका ठिकाणी एसीचा पाइप न्यायला मधली तिरपी पट्टी चक्क कापलीय. मुलगा म्हणतो बाबा इथे सगळं नियमाने होतं, साइटवरचा माणूस म्हणाला बघून घेतो. मला तिथलं काही कळत नाही, पण कापलेलं लाकूड बघून राहवलं नाही. मी उगाच काळजी करतोय का?

उत्तर : काका, तुम्ही बरोबर बघितलंत. तिथल्या कैच्या आपल्या सुतारकामासारख्या नसतात, कारखान्यात बारीक पट्ट्या जोडून करतात आणि सांध्यावर दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या पत्र्याच्या प्लेटा दाबून बसवतात, १९५० च्या दशकात फ्लोरिडाकडे ही पद्धत निघाली आणि मग सगळ्या अमेरिकेत पसरली. लाकूड कमी लागतं कारण प्रत्येक पट्टीचं काम कॉम्प्युटरवर मोजून दिलेलं असतं, म्हणूनच तिथे एकही पट्टी जास्तीची नसते. आपल्याकडच्या जुन्या सागवानी कैचीतली एक तिरपी काढली तर बाकीचं जाड लाकूड बिचारं सांभाळून घेतं, तिथे तसं होत नाही.

मुलगा म्हणतो ते नियमाने होतं, तर नियम काय आहे तेच त्याला सांगा. तिथली घरबांधणीची नियमावली ज्या आयआरसीवर (इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड) बेतलेली आहे तिच्या आर८०२.१०.४ या कलमात लिहिलंय की नोंदणीकृत डिझाइन करणाऱ्याच्या मंजुरीशिवाय कैचीची कुठलीही पट्टी कापायची नाही, खाच घ्यायची नाही, भोक पाडायचं नाही, जोड द्यायचा नाही. म्हणजे एसीवाल्याने कापलं तेही चूक आणि साइटवरच्या माणसाने स्वतःच्या मनाने शेजारी एक फळी ठोकून दिली तर तीही चूकच.

मुलाने आजच बिल्डरला ईमेल करावा, तोंडी नको. दोन्ही जागांचे फोटो, कैचीवर कारखान्याचं लेबल असेल तर त्याचाही फोटो, आणि एकच मागणी की कैच्या बनवणाऱ्या कंपनीकडून या दोन कैच्यांचं सही-शिक्क्याचं दुरुस्तीचं ड्रॉइंग मागवा आणि काम झाल्यावर मला त्याची प्रत द्या. ही काही जगावेगळी मागणी नाही, तिथे रोज अशी ड्रॉइंग निघतात. त्यात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे तुकडे आणि खिळे किती, कुठे, किती अंतरावर हे दिलेलं असतं, किंवा चिरलेल्या पट्टीला लागून तेवढीच नवी पट्टी. खिळे मोजून घ्यायचे, हो, अक्षरशः मोजायचे. एसीचा पाइप तिथून न जाता दुसरीकडून नेता येतो का हेही विचारायला लावा.

त्याला अजून एक काम सांगा. टॉर्च घेऊन जमतील तेवढ्या प्लेटा बघायच्या, विशेषतः चिरलेल्या पट्टीच्या आसपासच्या, आणि जिथे प्लेट लाकडापासून सुटल्यासारखी वाटेल तिथे क्रेडिट कार्ड सरकवून बघायचं. कार्ड आत गेलं तर फोटो काढून त्याच ईमेलमध्ये जोडायचा. सुटलेली प्लेट हातोडीने परत ठोकू द्यायची नाही, एकदा निघालेले दाते पुन्हा तसे धरत नाहीत. कैच्या आडव्या धरून नेताना लपलपल्या की या प्लेटा ढिल्या होतात, वर दापोलीच्या पत्रात बांबू बांधायला सांगितला तो याच लपलपण्यासाठी.

आणि हे सगळं ड्रायवॉल लागायच्या आत. एकदा छताला ड्रायवॉल आणि वर इन्सुलेशन पडलं की ती कैची परत कोणी उघडून बघत नाही. तिथे ड्रायवॉलच्या आधी स्वतंत्र इन्स्पेक्टर आणून घर तपासून घ्यायची सोय असते, बिल्डरच्या माणसापेक्षा वेगळा, घराच्या किमतीपुढे त्याची फी किरकोळ आहे, ती मुलाने द्यावीच. तो भिडस्त असेल तर तुम्ही सांगा की बाबांनी सांगितलंय.

प्रश्न : सावंतवाडीजवळ घर बांधतोय. सागाच्या चार कैच्या सुताराने मार्चमध्येच करून ठेवल्या, भिंतींना उशीर झाला म्हणून दोन महिने उन्हात ताडपत्रीखाली पडून होत्या. आता लाकडाला लांब चिरा पडल्यात आणि एका कैचीला सांध्याजवळही चीर आहे. टाकून द्यायच्या का?

उत्तर : टाकून नका देऊ, साग आहे. लाकूड सुकलं की रेषेच्या बाजूने चिरा पडतातच, मधल्या भागातली अशी चीर दिसायला वाईट असली तरी बहुतेक वेळा चालून जाते. रेषेला आडवी चीर असेल, मग ती नखाएवढी का असेना, तर ते लाकूड तुटलेलं आहे, ती पट्टी बदला. तुमची सांध्याजवळची चीर कुठली आहे ते सुताराला बोटाने दाखवायला सांगा, बोल्टच्या भोकातून निघून टोकापर्यंत गेली असेल तर त्या जागी बोल्ट धरणार नाही आणि तो तुकडा नव्याने करावा लागेल, लोखंडी पट्टीचं कडं मारून भागवतो म्हणाला तरी नको.

दोन महिन्यांत लाकूड आकसलंय म्हणजे बोल्ट सगळे ढिले झाले असणार, चढवायच्या आधी एकेक पान्याने आवळा, वॉशर मोठे घाला. ताडपत्री जमिनीला टेकून घाम धरत होती का तेही बघा, खालच्या बाजूला पेचकस टोचून बघायचा, सहज आत गेला तर लाकूड कुजायला लागलंय किंवा वाळवी शिरलीय. चिरा बुजवायला लांबी (पुट्टी) किंवा भुसा भरू नका, सुताराला आवडतं ते, पण पुढच्या वर्षी चीर वाढली की नाही हे मग कळत नाही. त्यापेक्षा आज प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून ठेवा आणि शाकारणीला वर चढाल तेव्हा ती बघा.